कंपनीनं हात वर केले, म्हणून वस्तू मेली?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'लॅपटॉप देणे आहे, चालू स्थितीत, नाहीतर भंगारवाल्याला' असले मेसेज वाढलेत. चालू स्थितीत, बरं का! स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक, आय-फाइव्ह प्रोसेसर. गुन्हा एवढाच की विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आणि हा गडी सहाव्या पिढीतला. सिक्युरिटी अपडेटला वर्षभराची मुदतवाढ मिळाली खरी, पण तारीख पुढे गेल्यानं निकाल बदलत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ही यंत्रं म्हातारी झालेली नाहीत, त्यांना वाळीत टाकलंय.

असल्याच एका लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. रॅम ४ ची ८ जीबी केली, हार्ड डिस्क काढून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली. (कागदोपत्री भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.) लॅपटॉप आता शेजारच्या काकांकडे आहे. मेल, यूट्यूब, लिब्रेऑफिसमध्ये सोसायटीचे हिशेब, देवनागरी टायपिंग, सगळं सुरळीत. तक्रार एकच होती, 'पत्त्यांचा डाव कुठे गेला रे?' तोही सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळाला.

यावर लोक म्हणतात, बघा, फुकटात किती मिळतं! मला हा 'फुकट' खटकतो. कुणीतरी रात्री जागून कोड लिहिलेला असतो. आणि काही वेळा कंपनीचा हात पिरगळावा लागलेला असतो. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरच्या पोटात लिनक्स आहे हे लोकांनी हुडकून काढलं. लिनक्सचा परवाना जीपीएल. आमचा कोड घालून वस्तू विकलीत तर त्या कोडचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारं मूळ रूप, मागणाऱ्याला द्यावाच लागेल, असं तो बजावतो. बोंबाबोंब झाली, सोर्स बाहेर आला, त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली सिस्टिम उभी राहिली. आज शेकडो मॉडेलचे राउटर त्यावर चालतात, त्यांतल्या कित्येकांना कंपनीनं केव्हाच सोडून दिलंय.

पेबल या स्मार्ट घड्याळाची कथा याहून भारी. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी या घड्याळासाठी एक कोटी डॉलरहून जास्त पैसे ओतले. २०१६ च्या अखेरीस पेबलचा बराचसा गाशा फिटबिट या फिटनेस बँडवाल्या कंपनीनं विकत घेतला, आणि २०१८ च्या जूनमध्ये सर्व्हर बंद. मनगटावरचं घड्याळ ठणठणीत, पण त्याचं अॅप स्टोअर गायब. मग रिबल नावाच्या गटातल्या हौशी लोकांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि घड्याळं चालू ठेवली. पुढे फिटबिट गूगलकडे गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत गूगलनं पेबलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा सोर्स खुला केला. चांगलंच केलं. पण सर्व्हर बंद पडले त्याच दिवशी हे व्हायला काय हरकत होती? मधली साडेसहा वर्षं लोकांनी कुलूप बाहेरून चाचपत काढली.

आता आपल्याकडची गंमत. जुन्या फोनवर लिनिएजओएस, म्हणजे हौशी लोकांनी सांभाळलेली अँड्रॉइडची आवृत्ती, टाकली की अँड्रॉइड नवं होतं, सिक्युरिटी पॅच ताजे. म्हणजे पॅचच्या बाबतीत तरी फोन आधीपेक्षा सुरक्षित. तरी अनेक बँकांची अॅप त्याला बघताच दार लावून घेतात, कारण गूगलच्या तपासणीत तो 'अधिकृत' ठरत नाही. उलट कंपनीच्याच सॉफ्टवेअरवरचा, कित्येक वर्षं एकही पॅच न मिळालेला फोन बऱ्याचदा बिनबोभाट आत जातो. ज्या शहरात वडापावचेही पैसे यूपीआयनं देतात, तिथे असा फोन मुख्य फोन म्हणून वापरा असं मी कुणाला सांगणार नाही. गाणी, वाचन, एम-इंडिकेटर, घरातला कॅमेरा, एवढ्यासाठी उत्तम.

ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, पोर्टलही आणलं. पण आपली चर्चा अजून स्क्रीन, बॅटरी आणि सुट्या भागांभोवतीच घुटमळते. ते काम आपल्या कारागिरांना कुणी शिकवायला नको. लॅमिंग्टन रोडवर भिंगाखाली आयसी बदलणारे लोक आहेत. त्यांचे हात बांधले जातात ते लॉक केलेल्या बूटलोडरपाशी, म्हणजे चालू होताना कोणती सिस्टिम सुरू करायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रामपाशी. म्हणून माझी मागणी अशी: सपोर्ट बंद करायचाय? खुशाल करा. पण त्याच दिवशी बूटलोडर उघडा, आणि वस्तू सर्व्हरवर अवलंबून असेल तर तो सर्व्हर दुसऱ्याला कसा उभारता येईल ते जाहीर करा. हे मेहरबानी म्हणून नको, कायद्यानं हवं.

सगळं वाचतं असंही नाही. डेबियनसारख्या जुन्या लिनक्स प्रकल्पानंसुद्धा २०२५ मध्ये १३ व्या आवृत्तीपासून जुन्या, ३२-बिट प्रोसेसरच्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, कारण सांभाळणारी माणसंच उरत नाहीत. तो निर्णय मला पटतो. फुकट राबणाऱ्यांनी किती वर्षं ओझं वाहावं?

तेव्हा तुमच्या माळ्यावरचा लॅपटॉप ६४-बिट असेल तर भंगारात देऊ नका. आधी फोटोंचा बॅकअप घ्या, मग पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघा. तोवर आतल्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय आणि आवाज चालला तर पुढे जा. अडलात तर लॅपटॉपचं मॉडेल कमेंटमध्ये टाका. 'दादा, चालेल का?' एवढंच लिहू नका, मॉडेल लिहा.