जांभळे केस आणि पंचांग

मुलगा केस जांभळे करून म्हापशाहून घरी आला की लगेच ओरडू नका. त्याला हातपाय धुऊ द्या, पानावर बसू द्या, हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, भात कालवू द्या. पहिला घास तोंडाशी गेला की मगच विचारा, “लोक कितें म्हणटले?” सकाळी मराठी पेपर वाचणाऱ्या गोव्यातल्या बापालाही हा प्रश्न कोकणीतच सुचतो. लोक म्हणजे नेमके कोण, हे सांगत बसू नये. नावे घेतली तर यादी समोरच्या दारातल्या वहिनींपाशीच संपते.

कानातल्या बाळीचे प्रकरण मात्र जपून हाताळा, कारण भिंतीवर हार घातलेले पणजोबा आहेत आणि त्यांच्या कानात भिकबाळी आहे. पोरगं बोट दाखवणारच. तेव्हा त्याला सांगा, की पणजोबांची कानाच्या वरच्या भागात आहे, म्हणून ती परंपरा; तुझी खालच्या पाळीत, म्हणून ती थेरं. म्हणजे संस्कृती आणि अधःपतन यांच्यात साधारण दीड इंचाचे अंतर आहे.

सैल पँटबद्दल बोलण्याआधी तुमचा १९९३ चा कॉलेजचा फोटो कपाटात कुलूपबंद करा. मानेवर रुळणारे केस आणि दोघे मावतील अशी पँट. आजोबा तेव्हा काय म्हणाले होते ते तुम्हाला आठवत असेलच. शब्द नव्याने जुळवायची गरज नाही.

मुलीने लाल चौकड्यांची कुणबी साडी जीन्सवर गुंडाळली तर आधी “हें कितें, शेतांत लावणेक चल्ल्या?” असे विचारून घ्या. मग गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हीच साडी रॅम्पवर नेली होती, हे ती सांगेल. तरीही ऐकू नका. किंमत ऐकली की मात्र लगेच आपला वारसा म्हणा, आणि शक्य असल्यास एक स्वतःसाठी मागवा.

खरी मेख पंचांगात आहे. नटण्याला आपला विरोध कधी नव्हताच, तारीख चुकते एवढेच. शिगम्यात गुलालाने केस लाल झाले तर आपण मोबाइलवर फोटो काढतो. कार्निव्हलला मिरवणुकीचा राजा किंग मोमो “खा, पिये आनी मजा कर” म्हणतो तेव्हा चेहऱ्याला सोनेरी रंग फासलेली कॉलेजची पोरे बघायला आपण पणजीत दोन तास उन्हात उभे राहतो. तेच पोर साध्या मंगळवारी नखांना काळा रंग लावून आले की आईचा रक्तदाब वाढतो. तेव्हा मुलांना एक वेळापत्रक छापून द्या आणि फ्रीजवर चिकटवा.

पेडण्यातल्या जत्रेला मुलाला जरूर घेऊन जा. मध्यरात्र उलटून गेल्यावर दशावतारी नाटकात द्रौपदी येईल. तिने संध्याकाळी मिशी काढलेली असेल, अंगावर शालू, नाकात नथ, केसांत अबोलीचा वळेसर. तुम्ही पुढच्या खुर्चीवर सरसावून बसा आणि शेजाऱ्याला सांगा, “चाल बघ, चाल! बायकांनाही जमायची नाही.” मग मागे वळा आणि पोराला दटावा, “आणि तू ती टोपी घाल डोक्यावर. चार माणसं बसलीत इथे.”