रोज उठून कसले जंतू मारताय?

चेहरा स्वच्छ झाला की नाही हे ओळखायची आमच्या सांगलीतल्या बायकांची एक ठरलेली खूण आहे. धुतल्यावर गालावरून बोट फिरवायचं, करकर वाजलं पाहिजे. माझं मत विचाराल तर करकर वाजलं म्हणजे गरजेपेक्षा जास्त धुतलं.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4.5 ते 5.5. (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली.) अंघोळीच्या साबणाची नेहमीची वडी 9 ते 10. त्यात बोअरचं जड पाणी. फेस येत नाही म्हणून आपण आणखी घासतो, आणि बादलीला आतून जो चिकट थर बसतो तोच थोडा अंगावरही राहतो. मग कातडी ओढल्यासारखी होते, खाज सुटते आणि आपण म्हणतो, 'हवा कोरडी आहे.'

त्या आम्लपणावर कातडीवरची सगळी वस्ती अवलंबून असते. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जीवाणू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगावर राहतो. गळवं करणारा त्याचा भाऊबंद आहे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्याला हा सहजासहजी पाय रोवू देत नाही. क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस पिंपल्ससाठी बदनाम आहे, पण नितळ चेहऱ्यावरही तो असतोच. त्वचेतलं तेल फोडून तो फॅटी ॲसिड तयार करतो आणि आम्लपणा राखायला मदत करतो. असल्यांना रोज सकाळी जंतुनाशक साबणानं हुसकवायचं कशाला? अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक द्रव्यांवर घरगुती साबणांत बंदी घातली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं.

आता कुणीतरी म्हणेल, 2019 च्या महापुरात काय केलं असतं? त्या घाण पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणानं खसाखसा धुवायचेच, जखमेला औषध लावायचंच. पण पूर रोज येत नाही.

घरगुती म्हणजे सौम्य, हेही मला पटत नाही. हळदीला नावं ठेवून सांगलीत राहायचं कसं, 2018 ला जीआय मानांकन मिळालंय आपल्या हळदीला! नवरीला लावा, हौसेनं लावा. पण फुटलेल्या पिंपलवर लिंबू पिळू नका. लिंबाचा पीएच 2 च्या आसपास, खायच्या सोड्याचा 8 च्या वर. दोन्ही टोकं वाईटच. आणि मसूर डाळीचं भरड पीठ गालावर रगडणाऱ्यांनी निदान ते वस्त्रगाळ तरी करावं.

माझ्या घरी साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. बाकी अंगाला कोमट पाणी पुरतं. शेतातून किंवा गॅरेजमधून येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अंग टॉवेलनं टिपायचं, रगडायचं नाही, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. पिंपल्स येणाऱ्यांनी चेहऱ्याला खोबरेल नको.

खरा राग मला येतो तो मलमांचा. जांघेत गजकर्ण झालं की लाजेपोटी डॉक्टर टाळायचा, मेडिकलमध्ये जाऊन हळूच 'खाजेची ट्यूब द्या' म्हणायचं. अशा कित्येक ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. आत बुरशी पसरतच असते, कातडी पातळ होत जाते. टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आज भारतभर आहे आणि परदेशांतही पोचलीय. तिच्या फैलावाला ही मिश्र मलमंही कारणीभूत असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. पाठीवर नाण्याएवढा चट्टा घेऊन सुरुवात झालेली माणसं पुढं कमरभर नायटा घेऊन दवाखान्याची पायरी चढतात, आणि तिथंही ट्यूबचं नाव सांगायला लाजतात. अहो, रिकामी ट्यूब खिशात घालून न्या, डॉक्टरांचं निम्मं काम होईल.

आणि हो, हल्ली पोरी 'प्रोबायोटिक' क्रीमच्या महागड्या डब्या मागवतात. क्रीम नासू नये म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं, मग जिवंत जीवाणू टिकणार कसे? बहुतेकांत मेलेल्या जीवाणूंचा अर्क असतो. तेवढ्या पैशात बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर येतं, आणि वर त्वचेच्या डॉक्टरांची फीसुद्धा निघते.