स्पिटफायरचं पुढचं चाक निखळवण्याचा राजमार्ग

ट्रायम्फ स्पिटफायर घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये निघालेली ही दोन माणसांची गाडी रेखाटली मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने. तेव्हा तिच्याकडे नेहमी वरूनच बघावं. वाकून खाली बघणारी माणसं अरसिक असतात.

आता स्टिअरिंगचं. सरळ रस्त्यावर हातातलं चाक डावी-उजवीकडे दोन बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता लागत नाही, म्हणून घाबरू नका. जुन्या ब्रिटिश गाडीचा हा खानदानी स्वभाव आहे, असं चारचौघांत सांगत राहा. ऐकणाऱ्याच्या दारातही तशीच गाडी असते, त्यामुळे तो लगेच मान डोलावतो. इंजिनातून गळणारं तेल रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीच्या, रबरांवर पडून ती फुगतात, लिबलिबीत होतात आणि अख्खा रॅक जागच्या जागी सरकू लागतो, हे मात्र त्याला सांगू नका. उगाच मैत्रीत अंतर पडतं.

खरी मजा आहे ती चाकामागच्या ट्रनियनमध्ये. हा एक पितळी ठोकळा. त्याच्या आट्यांत पोलादी खांबाचं खालचं टोक बसवलेलं असतं आणि तुम्ही गाडी वळवता तेव्हा तो खांब त्या आट्यांत फिरतो. एवढ्या जबाबदारीच्या बदल्यात ठोकळ्याचं मागणं काय, तर नव्वद नंबरचं गिअर ऑइल. कंपनीच्या पुस्तकात तसं चक्क छापलं आहे. पुस्तक कपाटात नीट जपून ठेवा, विकताना किंमत येते. आणि ठोकळ्यात ग्रीस भरा. ग्रीस आट्यांच्या टोकापर्यंत पोचत नाही, कालांतराने घट्ट होतं, पाणी आत मुरतं, पोलाद गंजतं. मग एके दिवशी खांब आट्यांपाशीच मोडतो आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. तेल घालणाऱ्यांच्या नशिबी असलं काही येत नाही, बिचाऱ्यांचं आयुष्य फार सपक जातं.

ही प्रक्रिया लवकर व्हावी असं वाटत असेल तर गाडी उभी ठेवून स्टिअरिंग पुरतं पिळा. स्पिटफायर २४ फुटांच्या वर्तुळात वळते. पाहुण्यांना दाखवायला याहून चांगला खेळ नाही.

जॅक लावून, चाक वर-खाली धरून हलवून बघायचा मोह होईल. आवरा. खडखड ऐकू आलीच तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगतात. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, नाही थांबली तर ट्रनियनचा किंवा वरच्या बॉल जॉइंटचा. पण एकदा कळलं की खर्च आला. त्यातून या गाडीचं अख्खं नाक पुढे उलटतं आणि सगळं काम डोळ्यांसमोर येतं, टायरवर बसून आरामात करता येतं. म्हणून बॉनेट फक्त प्रदर्शनात उघडा आणि लोकांची नजर इंजिनावरच्या चकचकीत झाकणावर खिळवून ठेवा. ब्रिटिश सरकारचीही साथ आहेच: २०१८ पासून चाळिशी ओलांडलेल्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. माणसाची चाळिशीनंतर तपासणी वाढते, हा भाग वेगळा.

बायकोने हट्टच धरला आणि नवे ट्रनियन आणावे लागले, तर डावा कुठला, उजवा कुठला हे पाहू नका. एका बाजूचे आटे उलटे असतात. न बसणारा ट्रनियन पाना लावून बसवण्यातच मर्दुमकी. पूर्ण फिरवून झाल्यावर थोडं मागे घ्या, म्हणजे दोन्हीकडे वळायला जागा राहते, असं जाणकार म्हणतात. तुम्ही करकचून आवळा.

हा वारसा आपल्यालाही परका नाही. स्पिटफायर ज्या हेराल्डवरून बेतली, ती मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची. तेव्हा आपला शिरस्ता सोडू नका: एकच ग्रीसगन घ्या आणि दिसेल त्या निपलात भरत सुटा.

शेवटी गाडी न्यायला ट्रक येईल. ट्रकवाला दुमडलेल्या चाकाकडे बघून विचारेल, “याला तेल कधी घातलं होतं?” त्याला बॉनेटचा रंग दाखवा. पाच हात मारलेत म्हणावं.