पेस नका विचारू, काकू पळतायत

पन्नाशी उलटल्यावर पळायला लागलेल्या माणसाला पहिलं वर्षभर तरी ते मनगटावरचं जीपीएसवालं घड्याळ कुणी गिफ्ट देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं बाहेरून पाठवतात, हौसेने पाठवतात, आणि मग जे सुरू होतं ते मी पुण्यात तळजाई टेकडीवर नेहमी बघते. कालपर्यंत निवांत चालून, खाली उतरताना आवळ्याचा नाहीतर कारल्याचा ज्यूस पिऊन घरी जाणारे काका, घड्याळ आलं की आठवड्याभरात असे पळायला लागतात की शेवटची पीएमटी सुटतीये. महिन्या-दीड महिन्यात टाच धरून बसतात आणि सगळ्यांना सांगतात, "या वयात पळणं झेपत नाही हो." अहो पळणं झेपत होतं की! झेपला नाही तो पेस, म्हणजे वेग.

मी सत्तावन्नची. शाळेत पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बसून राहणाऱ्या ज्या मुली असतात त्यातली. त्यामुळे जुनी अॅथलीट वगैरे अजिबात नाही. पाळी गेल्यावर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची तपासणी केली, त्यात ऑस्टिओपेनिया आला, म्हणजे हाडांची घनता कमी व्हायला लागलीये पण अजून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नाही. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की बायकांची हाडं त्या काही वर्षात भराभर झिजतात, आणि हाडाला थोडा दणका बसला तरच ते स्वतःला जपतं, गादीवर ठेवलेलं हाड नाही सुधारत. चालत मी होतेच. डॉक्टर म्हणाल्या, थोडं पळून बघा. स्ट्रेस टेस्ट, ईसीजी, शुगर, बीपी सगळं करून घेतलं आणि मगच सुरू केलं, हे आधीच सांगते कारण यात कुणी शॉर्टकट मारू नये. छातीत दाब, डाव्या हातात कळ, चक्कर यातलं काहीही पळताना झालं तर थांबायचं आणि सरळ दवाखाना, लिंबूसरबत पिऊन बघू, पित्त असेल, हे नाही.

आता मुद्द्याचं. हळू पळणं म्हणजे फास्ट जमत नाही म्हणून करायची तडजोड असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि माझा वाद तिथेच आहे. शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी तयार होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं भराभर शिकतात, सहा-आठ आठवड्यात फरक जाणवतो, जिना चढताना धाप लागत नाही, वाटतं आलंच की आपल्याला. स्नायूंनाही थोडा वेळ लागतो पण तेही येतात मागोमाग. राहतात ते टेंडन, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारी ती जाड दोरी, गुडघ्याच्या वाटीखालची, आणि त्यांच्यासारखाच तळपायाचा पट्टा. यांना रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे त्यांना तयार व्हायला महिनेच्या महिने लागतात आणि वयाप्रमाणे अजून जास्त. म्हणजे दम आलेला असतो, उत्साह आलेला असतो, घड्याळ तर आलेलंच असतं, आणि टाच मात्र अजून पहिल्याच आठवड्यात असते. बहुतेकांची वाट नेमकी तिथे लागते. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं, असं ज्यांना होतंय त्यांनी "बरं वाटतंय ना मग" म्हणून पळू नका. तो प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळपायाच्या त्या पट्ट्याचं दुखणं, असू शकतो आणि तो हट्टी पाहुणा आहे, जाता जात नाही.

मग हळू म्हणजे किती हळू? घड्याळ नको म्हटलं तर मोजायचं कशाने? तर बोलता आलं पाहिजे. नुसतं हो-नाही नाही, पूर्ण वाक्य. मी एकटीच असते तेव्हा सतराचा पाढा म्हणते, चक्क तोंडाने. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी, इथपर्यंत एका दमात आलं तर वेग बरोबर आहे, मधे श्वास घ्यायला थांबावं लागलं तर मी जास्त जोरात पळतीये. चढावर तर सतरा त्रिकलाच अडकते, मग सरळ चालायला लागायचं. येणारे-जाणारे बघतात, बघू दे. पुण्यात टेकडीवर स्वतःशी बोलणारे लोक काही कमी नाहीत. 😄

हार्ट रेटवाल्यांसाठी एक सांगते. २२० वजा वय हा कमाल ठोक्यांचा जो आकडा सगळीकडे फिरतो तो सरासरी आहे, तुमचा स्वतःचा कमाल ठोका त्यापेक्षा दहा-बारा वर किंवा खाली सहज असू शकतो. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात, मग घड्याळ "सोपं चाललंय" म्हणतंय आणि तुमचा जीव वर आलाय असं होतं. आमच्या वयात अर्ध्या लोकांच्या गोळ्यांच्या डबीत काय काय असतं ते घड्याळाला कुठे माहितीये. पाढा बरा.

पळ-चाल, पळ-चाल करण्याची लाज वाटते लोकांना. का ते मला आजवर कळलेलं नाही. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर पळालेला, त्याने १९७४ पासून नवख्या लोकांना हेच शिकवलं, थकायच्या आधीच चाला. ते 'काउच टू फाइव्ह के' म्हणून जे प्रसिद्ध आहे ते १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यासमोर ठेवून बनवलं होतं, म्हणजे ते मूळचं आपल्यासारख्यांसाठीच आहे! पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. फक्त माझं म्हणणं असं की त्यातले नऊ आठवडे मनावर घेऊ नका. एकेक आठवडा तीन-तीनदा रिपीट केला तरी कुणी नापास करत नाही. ज्या आठवड्यात नातवंडं आलीयेत, घरी गणपती आहेत, झोप नाही, त्या आठवड्यात मागे गेलात तरी चालतं. मी गणपतीनंतर कायम दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करते, उकडीचे मोदक सोडणार नाही मी पळण्यासाठी.

जपानमध्ये फुकुओका विद्यापीठात हिरोआकी तानाका म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी स्लो जॉगिंगचा आयुष्यभर प्रचार केला. अगदी बारीक बारीक पावलं, चालण्याच्या वेगाइतक्याच वेगाने, चेहऱ्यावर हसू टिकेल एवढंच. बाजूने चालणारा माणूस तुम्हाला मागे टाकून जातो, आणि तरीही तुम्ही पळताय, कारण तेवढ्याच वेगात चालण्यापेक्षा पळायला जास्त ताकद लागते. मला एक आजोबा ओव्हरटेक करतात, छत्री घेऊन. पहिल्यांदा जरा लागलं मनाला, आता आम्ही एकमेकांना गुड मॉर्निंग करतो.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं लाडकं तत्त्वज्ञान आहे असंही समजू नका. नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तर त्यातलं साधारण ऐंशी टक्के सोप्या, गप्पा मारता येतील अशा वेगातलं निघालं. ज्यांना मेडल आणायचंय ते बहुतेक वेळ आरामात पळतात, आणि ज्यांना फक्त कोलेस्टेरॉल खाली आणायचंय ते रोज जीव काढतात. काय बोलणार.

गुडघ्यांचं येणारच, मला माहितीये, कारण प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी मला कोपऱ्यात घेऊन "गुडघे जातील गं तुझे" म्हणतं, आणि म्हणणाऱ्यांचे स्वतःचे गुडघे न पळताच गेलेले असतात. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात गुडघा-खुब्याचा संधिवात हौशी पळणाऱ्यांमध्ये साधारण ३.५ टक्के, न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के असं दिसलं. आता यात एक गोम आहे, ज्यांचे गुडघे दुखतात ते मुळात पळतच नाहीत, त्यामुळे पळण्याने गुडघे सुधारतात असा अर्थ लगेच काढू नका. पण तो तिसरा आकडा बघा ना. हौसेला नाही, ईर्षेला जास्त धोका दिसतोय. ज्यांचा गुडघा आधीच सुजतोय, लॉक होतोय, त्यांनी अर्थात ऑर्थोला दाखवल्याशिवाय काही करायचं नाही.

नुसतं पळूनही भागत नाही बरं का. वयाप्रमाणे स्नायू कमी होत जातात आणि नुसत्या पळण्याने ते काही भरून येत नाहीत. मी जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभी राहते, कठड्याला धरून, टाचा वर, मग सावकाश पायरीच्या खाली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. जिम नको, फी नको. आणि रोज पळायचं नाही, एक दिवस आड. पंचविशीतल्या मुलाला एका रात्रीत जे भरून येतं त्याला आपल्याला दोन रात्री लागतात, यात कमीपणा काय?

बुटांबद्दल विचारतात सगळे. पंधरा हजाराचे बूट लागत नाहीत. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे घ्या. बायकांनी बुटांपेक्षा आधी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. काय घालायचं हा दुसरा प्रश्न. मी सुरुवातीला पंजाबी ड्रेसवरच पळायचे, ओढणी घरी ठेवून. नंतर ट्रॅक पँट आली. जाऊबाईंनी विचारलं, "अगं कोण मागे लागलंय तुझ्या?" मी म्हटलं, ऑस्टिओपोरोसिस.

एक जरा खटकणारी गोष्ट पण लिहूनच टाकते. ग्रुपबरोबर पळायला जा, सगळे फार चांगले असतात, पण शेवटी येणाऱ्या बाईला टाळ्या पडतात. "शाब्बास काकू! कमॉन काकू! यू कॅन डू इट!" अरे मी करतेच आहे, वेगळं काय करू? मी शेवटी येतीये कारण मी शेवटी यायच्या वेगानेच पळतीये. दया नको, माझ्यासाठी बिस्किटं शिल्लक ठेवा.

फौजा सिंग आठवतात मला अशा वेळी. पोटचा मुलगा गेल्याचं दुःख घेऊन इंग्लंडमध्ये उतारवयात पळायला लागलेला पंजाबी शेतकरी. २००० साली लंडन मॅरेथॉन पळाले तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते, आणि २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी पूर्ण ४२ किलोमीटर. वेळ लागला आठ तासांहून जास्त. जन्मदाखला नव्हता म्हणून गिनेसने रेकॉर्ड मानलं नाही. अगदी २०२५ च्या जुलैपर्यंत हा माणूस होता आपल्यात, आणि गेला तो पळण्याने नाही, जालंधरजवळ रस्त्यावर गाडीने उडवलं म्हणून. त्यांचा पेस किती होता हे कुणी मला विचारलेलं नाही आजवर.

"मग मुंबई मॅरेथॉन कधी?" हा ठरलेला प्रश्न. जानेवारीतल्या त्या मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये सिनियर सिटिझन्ससाठी वेगळी छोटी दौड असते, साठ पूर्ण झाले की जाईन, मजा येईल, सीएसएमटीसमोर फोटो काढीन. पण त्यासाठी पळत नाहीये. बोन डेन्सिटी पुन्हा मोजायची आहे तीच माझी रेस, आणि त्या मशीनला माझा वेग दिसत नाही.

राहिला तळजाईवरच्या कुत्र्यांचा प्रश्न, इनबॉक्समध्ये दोघींनी विचारलाय. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, थांबायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, हात जवळ घ्यायचे आणि हळूहळू चालत बाजूला व्हायचं. काठी जवळ असू दे पण उगारू नका. पावसाळ्यात त्या फरसबंदीवर शेवाळ धरतं तिथे मात्र चालायचंच, कुत्रं असो नसो.