हेल्मेटवर किती भांडणार, मान मागे वळवायला कोण शिकवणार?

आमच्या पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेल्मेटचा वाद काही संपत नाही. 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती केली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मागे बसणाऱ्यावरही कारवाईचा आदेश निघाला तेव्हा परत तेच सगळं, मान दुखते, केस गळतात, गावात स्पीडच कुठे असतो, आणि हॉर्न ऐकू येत नाही. मी इथे ब्रिटनमध्ये, लीड्सला बसून वाचतो आणि जीव कळवळतो. हेल्मेट घालायचंच, आयएसआयवालं, पट्टा लावून. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण गेले, केंद्र सरकारचाच आकडा आहे, त्यातले 14,337 मागे बसलेले होते. अजून काय बोलायचं त्यावर!

पण हेल्मेट कामाला येतं ते पडल्यावर, आणि पडूच नये म्हणून काय करायचं यावर ग्रुपवर कोणी चकार शब्द काढत नाही. ते हॉर्नचं कारण घ्या ना, त्यातच सगळं आलं. आपण मागचं कानाने बघतो. हॉर्न आला नाही म्हणजे मागे कोणी नाही असं धरून सरळ उजवीकडे घुसतो, आरसे तर गर्दीतून निघायला अडचण होते म्हणून आत वळवलेले.

इथे नवशिक्याला साधी 125 सीसी रस्त्यावर आणायची तरी आधी सीबीटी नावाचं ट्रेनिंग करावं लागतं, 1990 पासून सक्तीचं आहे. इन्स्ट्रक्टर मागून दुसऱ्या बाईकवर येतो आणि कानातल्या रेडिओवर एकच गोष्ट घोकून घेतो, वळायच्या अगदी आधी खांद्यावरून मागे बघ. याला लाइफसेव्हर म्हणतात, आरशात जे दिसत नाही ते त्या एका नजरेत दिसतं. आपल्याकडे आरटीओत आठचा आकडा काढायचा, पाय टेकला नाही की झालं काम.

इथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. ब्रिटनच्या वाहतुकीत मोटरसायकली जेमतेम 1 टक्का, पण रस्त्यावरच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा 20 टक्क्यांच्या आसपास. बऱ्याचदा गल्लीतून कारवाला बाहेर येतो, बघतो तुमच्याकडेच आणि तरी त्याला बाईक दिसत नाही. म्हणून मुरलेले बायकर सांगतात, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर विसंबू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा, चाक हललं की समजायचं निघाला. पुण्यात हे रिक्षाला तंतोतंत लागू पडतं, कडेला उभ्या रिक्षाचं पुढचं चाक उजवीकडे वळलेलं दिसलं की हात ब्रेकवर पाहिजे, हात दाखवायची वाट बघत बसू नका.

आपली पोरं बेसावध असतात असं मला म्हणायचं नाहीये, खड्डा, कुत्रं, राँग साइडने येणारा, एकाच वेळी किती गोष्टी चुकवतात! पण ते सगळं लक्ष पुढच्या दहा फुटांवर असतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना धोका मागून येतो, उतारावर ट्रकचा ब्रेक गेला की काय होतं हे पुणेकरांना मी सांगायला नको.

माझा भाऊ म्हणतो, मागे बघेपर्यंत पुढचा ब्रेक मारेल त्याचं काय? म्हणूनच इथे पुढच्या गाडीपासून 2 सेकंदांचं अंतर ठेवायला शिकवतात, पावसात 4. पुण्यात अंतर सोडलं की तिथे तीन ॲक्टिव्हा घुसतात हे मान्य, मग परत थोडा ॲक्सिलरेटर सोडायचा, ऑफिसला दोन मिनिटं उशीर होईल फार तर.

आरटीओकडे माझं एकच मागणं आहे. आठचा आकडा राहू द्या, त्यानंतर एक उजवं वळण घ्यायला लावा आणि वळण्याआधी मान मागे फिरली का तेवढं बघा. नाही फिरली तर नापास करा, मग तो कोणाचाही ओळखीचा असो.