कोत द्यु रोनच्या रेड वाईनबद्दल मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

टिळकवाडीतल्या आमच्या हॉटेलला तुम्ही एक स्टार दिलात. मटण आवडल्याचं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ‘फ्रेंच म्हणून तीन द्राक्षांची भेसळ गळ्यात मारली, रंग पाणी घातल्यासारखा, वर थंड करून दिली आणि कुंद्याबरोबर तर आंबट-कडू लागली’ असं जे लिहिलंय, त्याला उत्तर देणं भाग आहे. ते वाचून उद्या दुसरं कुणी ती बाटली नाकारेल, आणि वाईन तशी नाही.

ही कोत द्यु रोनची वाईन, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली. तिथं ग्रेनाश, सिरा आणि मुर्वेद्र या द्राक्षांच्या तीन जाती एकत्र करायची जुनी रीत आहे. १९३७ साली या भागाला अधिकृत दर्जा मिळाला आणि कुठली द्राक्षं चालतील हे नियमानं ठरलं. त्याच खोऱ्यातल्या शातोनफ द्यु पापच्या वाईनला तर १३ जाती चालतात. आपण कांदा-लसूण मसाल्यात रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी मिरची घालतो, त्याला कुणी भेसळ म्हणत नाही.

रंगाचं म्हणाल तर ग्रेनाशची सालच पातळ. रंग फिका, पण साखर भरपूर धरते, म्हणून अल्कोहोल चढतं आणि चवीला लाल फळांचा गोडवा येतो. एकटी ठेवली तर हवेनं लवकर उतरते. म्हणून सिरा घालतात. तिनं रंग गडद होतो आणि काळ्या मिरीचा वास येतो. हा वास वरून घातलेला नसतो. मिरीत जो रोटंडोन नावाचा घटक असतो, तोच या द्राक्षाच्या सालीत असतो. मुर्वेद्र उशिरा पिकते, तिला ऊन भरपूर लागतं. तिच्यामुळं वाईनला अंग येतं आणि ती टिकते. या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा वारा जोरात वाहतो. घड कोरडे राहतात, बुरशी कमी लागते. त्या वाऱ्यात टिकावी म्हणून ग्रेनाश कित्येक ठिकाणी तारेशिवाय, बुटक्या झुडपासारखी वाढवतात. अथणीकडच्या मांडवाच्या बागा बघितलेल्यांना हे नवल वाटेल.

थंड दिली, कारण ही वाईन १६ ते १८ अंशांवर प्यायची असते. रेड ‘रूम टेंपरेचर’ला घ्यावी हे युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक. बेळगावची हवा कितीही चांगली म्हटली तरी एप्रिलच्या दुपारी खोलीतली बाटली ३० अंशांच्या वर जाते, आणि मग फळाऐवजी नाकात नुसता स्पिरिटचा वास भरतो.

आता कुंदा. कुंद्याचा अभिमान मलाही आहे. पण तोंडात गोड असताना साखर नसलेली कुठलीही वाईन आंबट लागणार आणि तिचं टॅनिन, म्हणजे सालीतून येणारा तुरटपणा, कडू लागणार. आमच्या मुलानं ऑर्डर घेतानाच हे तुम्हाला सांगितलं होतं. त्यालाच तुम्ही ‘अडाणी’ म्हटलंत. तो शब्द तेवढा काढावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तांबड्या रश्शाचंही तेच: तिखटावर १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली वाईन घेतली की आग वाढते. तुमच्या टेबलावर तो रस्सा पहिल्यापासून होता.

या वाईनला मिरी घातलेलं सुकं मटण, पांढरा रस्सा किंवा कमी तिखटाची भरली वांगी मागवा. मटणाच्या चरबीनं टॅनिन मऊ होतं आणि सिराची मिरी मसाल्यातल्या मिरीला धरून राहते. रोनकडचे लोकही ही वाईन कोकराच्या मांसाबरोबरच घेतात.

‘आपली द्राक्षं असताना फ्रेंच कशाला?’ हा तुमचा प्रश्न मला आवडला. पण अथणी भागातली बहुतेक द्राक्षं बेदाण्याची, हिरवी, बिनबियांची आहेत. रेड वाईनचा रंग आणि टॅनिन काळ्या द्राक्षाच्या सालीतून येतं. देशी हवी असेल तर आमच्या यादीत नाशिकची शिराझ आहे. सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष, आणि किंमतही निम्म्याच्या आत.

पैसे परत मागितलेत, ते देता येणार नाहीत. बाटली तुमच्यासमोर उघडली होती आणि चांगली होती. पुन्हा आलात तर काउंटरवर मला हाक मारा. आधी सुकं मटण आणि एक ग्लास ग्रेनाश-सिराचा, कुंदा शेवटी चहाबरोबर देतो.

— हॉटेलमालक, टिळकवाडी, बेळगाव