चार कपडे टाकले आणि व्हायोलिन वाजलं

परवा माहेरी गेले होते. टीव्हीवर कुठल्याशा डिटर्जंटची जाहिरात लागली. नवरा मशीनमध्ये कपडे टाकतोय, बायको दारात उभी राहून भरल्या डोळ्यांनी बघतेय, मागे व्हायोलिन. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार कपडे टाकले, त्याला एवढं संगीत? मी बेचाळीस वर्षं धुतेय, माझ्या मागे नळ तेवढा वाजतो."

आईची लाडकी म्हणजे सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी. ऐंशीच्या दशकात निरमाच्या स्वस्ताईपुढे सर्फने उभी केलेली, कविता चौधरींनी साकारलेली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, स्वस्त आणि चांगलं यातला फरक ठणकावून सांगणारी. कुणाच्या बापाला भ्यायची नाही ती! पण एवढी सगळी हुशारी खर्ची पडली कुठे, तर साबणाच्या पुड्यावर.

मग 2015 मध्ये एरियलने विचारलं, कपडे धुणं हे बाईचंच काम का? पुढच्या वर्षीची त्यांची जाहिरात तर मी रडत रडत बघितली होती. लेकीची ऑफिस आणि घर सांभाळताना होणारी धावपळ बघून बाप तिला पत्र लिहितो, माफी मागतो, घरी जाऊन स्वतः मशीन लावतो. आवडते मला ती, अजूनही. पण या जाहिरातीचं बघून बाकीच्यांनी उचललं काय, तर नुसतं व्हायोलिन. हल्ली जाहिरातीतली बाई लॅपटॉपही चालवते आणि मसाला टाकून आमटीही तीच करते. नोकरी वाढली, घरातलं काम होतं तेवढंच. नवरा 'मदत' करतो. स्वतःच्या घरात मदत कसली हो? पाहुणा आहे का तो?

पुरुषांचीही धड गत नाही म्हणा. एकतर डिओ मारून छाती काढून फिरायचं, नाहीतर किचनमध्ये बावळटासारखं दूध उतू घालवायचं. जून 2022 मध्ये तर एका बॉडी स्प्रेची जाहिरात इतकी किळसवाणी होती की केंद्र सरकारला ती काढायला लावावी लागली. त्याच महिन्यात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, नियमावली काढली: पसारा सगळ्यांनी करायचा आणि आवरणार एकटी बाई, असं दाखवू नका, पुरुष आहे म्हणून बाळाचा लंगोट बदलता येत नाही, बाई आहे म्हणून गाडी पार्क करता येत नाही, हेही नको. वाचून बरं वाटलं. पण ही परिषद जाहिरातवाल्यांचीच, सरकारी नाही. आणि संध्याकाळी टीव्ही लावला की पसारा जिथल्या तिथे.

बाबा शेजारीच पेपर वाचत होते. जाहिरात संपल्यावर सवयीने म्हणाले, "चहा टाकतेस का?" मग आम्हा दोघींकडे बघितलं आणि गुपचूप उठले. आतून आवाज आला, "अगं, साखरेचा डबा कुठंय?"

आई म्हणाली, "व्हायोलिनच्या मागे बघा."